धडक झाली… आता पहिलं काय करायचं?

अपघाताबद्दल वाचक जे प्रश्न विचारतात, त्यातले निम्मे तरी अपघात होऊन दहा-पंधरा दिवस उलटल्यावर आलेले असतात. "समोरच्याला पाच हजार देऊन मिटवलं होतं, आता पोलीस ठाण्यातून फोन आलाय." "जमाव जमला म्हणून घाबरून निघून आलो, हा गुन्हा झाला का?" "गाडी सुरू होत होती म्हणून घरी आणली, आता विमा कंपनी इंजिनाचे पैसे देत नाही." प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेक वेळा एकच गोष्ट राहून गेलेली असते. पहिल्या २४ तासांत जी नोंद व्हायला हवी होती, ती झालेली नसते. पुढे कितीही चांगला वकील मिळाला तरी ती नोंद मागच्या तारखेने करता येत नाही.

म्हणून हे सगळं क्रमाने मांडतो आहे. घरात जे जे गाडी चालवतात, त्यांनाही वाचायला द्या. जिथे तुमचा निर्णय त्यावर अवलंबून आहे तेवढीच कलमं दिली आहेत.

पहिली पाच मिनिटं: मागून येणारी दुसरी धडक टाळा

गाडी थांबवा. धक्का किरकोळ वाटला तरी थांबा, चूक पूर्ण समोरच्याची असली तरी थांबा. थांबल्यावर पहिला धोका असतो तो मागून येणाऱ्या वाहनांचा.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात कराडच्या अलीकडे महामार्गावर माझ्या गाडीला मागून एका टेम्पोने ठोकलं. संध्याकाळची वेळ, पाऊस धो धो. कोणाला फारसं लागलं नव्हतं. मागे लावायला लाल त्रिकोण हवा होता, आणि तो होता डिकीच्या तळाला, स्टेपनीच्या खाली, शोरूममधून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर दोन बॅगा, तांदळाचं पोतं आणि आईचा लोणच्याचा डबा. ते सगळं भर पावसात रस्त्याच्या कडेला काढून ठेवेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. तेवढ्या वेळात दोन ट्रक अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक मारत थांबले. त्या ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून माझा त्रिकोण डिकीच्या दाराशी, अंधारात हाताला लागेल असा असतो. तुमचाही तिथेच ठेवा.

या पाच मिनिटांत एवढं करा:

- चारही इंडिकेटर चालू करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा.
- सीएनजीची गाडी असेल आणि वास येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. तिथपर्यंत सहज पोहोचता येत नसेल तर गाडीपासून लांब व्हा. इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका.
- कोणालाही सिगारेट पेटवू देऊ नका.
- त्रिकोण गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर ठेवा. एक्सप्रेसवेवर किंवा वळणावर त्याहून लांब. ठेवायला जाताना वाहतुकीकडे पाठ करू नका.
- चालता येणाऱ्या सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेच्या कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून फोन करत राहणं महामार्गावर सर्वांत धोक्याचं.

गाडी हलवायची की नाही, यावर वाचकांचा फार गोंधळ होतो. नुसता पत्रा चेपला असेल तर चार फोटो काढा आणि गाड्या बाजूला घ्या. वाहतूक अडवून भांडत उभं राहण्याने तुमची बाजू बळकट होत नाही. पण कोणी गंभीर जखमी झालं असेल किंवा दगावलं असेल, तर पोलीस येईपर्यंत गाडी आहे तिथेच ठेवा. माणूस अडकला असेल, आग लागण्याची भीती असेल, जखमीला त्याच गाडीतून न्यायचं असेल, तर मात्र हलवाच. जमलं तर हलवण्याआधी टायर कुठे होते त्याचा एक फोटो घ्या.

कोणी जखमी असेल तर बाकी सगळं नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. चूक कोणाची, हा प्रश्न तिथे येतच नाही. ते टाळलं तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीत ही शिक्षा वाढवली गेली.

फोन कुठे करायचा: रुग्णवाहिकेसाठी १०८ (महाराष्ट्रात आणि गोव्यातही), पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फोनवर आधी जागा सांगा. किलोमीटरचा दगड, जवळचा टोलनाका, उड्डाणपूल, पेट्रोल पंप आणि तुम्ही कोणत्या शहराकडे तोंड करून आहात ते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर दिशा सांगितली नाही, तर रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहते.

रुग्णवाहिका येईपर्यंत लोक चांगल्या भावनेने काही घातक गोष्टी करतात. त्या तुम्ही थांबवा.

- पाणी पाजू देऊ नका. आपल्याकडे कोणी पडलं की पहिली हाक "पाणी आणा" हीच असते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि तातडीचं ऑपरेशन करायचं झालं तर भूल देताना अडचण येते.
- मान आणि पाठ वाकवू नका. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाजूला घेऊ नका.
- दुचाकीस्वाराचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडतोय असं दिसलं तरच, एकाने मान दोन्ही बाजूंनी स्थिर धरून आणि दुसऱ्याने सावकाश सरकवून काढावं.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे असेल ते घडी करून घट्ट दाबून धरा. मिनिटामिनिटाला उचलून बघू नका. हळद, चहापूड, माती काहीही भरू नका.
- शरीरात काच किंवा सळई घुसली असेल तर ती उपसू नका.

"रुग्णालयात आम्ही नेलं म्हणजे आम्हीच दोषी ठरू का?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नाही. जखमीला रुग्णालयात नेणं हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही. उलट कायद्याने सांगितलेलं काम तुम्ही केलंत याची ती नोंद आहे. रुग्णालयात तुमचं नाव, आणल्याची वेळ आणि गाडीचा नंबर नोंदवायला सांगा.

"आधी पोलिसांचा कागद आणा" किंवा "आधी डिपॉझिट भरा" म्हणून कोणतंही रुग्णालय, सरकारी किंवा खासगी, तातडीचा उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं, आणि कलम १३४ मध्येही डॉक्टरांवर तशी जबाबदारी आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना आहे. तिच्यात अपघातग्रस्ताला अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतो. ११२ ला फोन करताना "कॅशलेस योजनेतलं जवळचं रुग्णालय कुठलं" हे विचारून घ्या.

आणि तुम्ही चालक नसाल, नुसते वाटेवरचे असाल, तर निर्धास्तपणे मदत करा. कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. स्वतःचं नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही.

जमाव अंगावर आला तर

हा खरा अडचणीचा प्रसंग, आणि याबद्दल उगाच शूरपणा शिकवण्यात अर्थ नाही. गावाजवळ, बाजारात, विशेषतः लहान मूल किंवा दुचाकीस्वार जखमी झालं असेल, तर लोक आधी हात उचलतात. कायद्यालाही हे माहीत आहे. जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने जखमीला मदत करता आली नाही, तर त्या कर्तव्यातून कलम १३४ चालकाला सूट देतं.

पण ही सूट तिथून निघण्यापुरती आहे. नाहीसं होण्याची ती परवानगी नाही. जिवाला धोका दिसला तर निघा, आणि निघाल्या निघाल्या ११२ ला फोन करा: "अमुक ठिकाणी अपघात झालाय, माणूस जखमी आहे, रुग्णवाहिका पाठवा, जमावामुळे मी थांबू शकलो नाही, मी अमुक पोलीस ठाण्यात जातोय." हा फोन नोंदवला जातो. मग थेट त्याच ठाण्यात किंवा वाटेत आधी लागेल त्या ठाण्यात जा. घरी जाऊन, जेवून, वकिलाला विचारून, सकाळी जाऊ असं करू नका. कायद्यातली मुदत २४ तासांची आहे, पण पळून गेलेला चालक आणि जीव वाचवून ठाण्यात आलेला चालक यांतला फरक पहिल्या अर्ध्या तासातच ठरतो.

भारतीय न्याय संहितेत कलम १०६ (२) आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला तो यावरूनच. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. त्यावरून अनेकांनी "आता पळालं तरी चालतं" असा अर्थ काढला आहे, तो साफ चुकीचा. कलम १०६ (१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मोटार वाहन कायद्याची कलमं वेगळी लागतात, आणि पळून गेल्याचा परिणाम न्यायालयात तुमच्या विरोधातच जातो.

फोटो काढा, पण समोरच्याच्या तोंडाचे नकोत

हात थरथरत असतात, लिहिणं जमत नाही. मोबाइलवर फोटो आणि आवाज मात्र जमतो.

- आधी लांबून: दोन्ही गाड्या, रस्ता, दुभाजक, सिग्नल, वळणाचा फलक एकाच चौकटीत.
- मग जवळून: दोन्ही नंबरप्लेट, दोन्ही गाड्यांचं नुकसान, ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा, खड्डा असेल तर खड्डा.
- समोरच्याचा परवाना, आरसी आणि विमा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य असतात, त्यामुळे "कागद घरी आहेत" ही सबब राहत नाही.
- बघणाऱ्यांपैकी दोघांचे फोन नंबर. पानवाला, रिक्षावाला, पंपावरचा माणूस. तिथेच रोज असणारा साक्षीदार नंतर सापडतो.

नंतर बाजूला उभं राहून मोबाइलच्या रेकॉर्डरवर दोन मिनिटं बोलून ठेवा: किती वाजले, कुठून कुठे चालला होतात, वेग साधारण किती, समोरचं वाहन कुठून आलं. दुसऱ्या दिवशी मन आपोआप हकिगत बदलू लागतं. हे मी स्वतःबाबत अनुभवलं आहे. त्या रेकॉर्डिंगमुळे जबाब देताना गडबड होत नाही.

डॅशकॅम असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा. हे कॅमेरे जुन्यावर नवं चित्रण करत जातात आणि घरी पोहोचेपर्यंत पुरावा पुसला गेलेला असू शकतो. दुकानांचे आणि पंपांचे सीसीटीव्हीही काही दिवसांतच पुसले जातात, म्हणून "अमुक कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घ्यावं" असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

जखमींचे व्हिडिओ काढून गटांवर टाकू नका. त्यांच्या घरी ती बातमी तुमच्या फोनमधून पोहोचू नये.

"साहेब, इथेच मिटवून टाकू"

केवळ पत्रा चेपला, दिवा फुटला, कोणालाही खरचटलंसुद्धा नाही, तर आपसांत मिटवण्यात गैर नाही. मात्र दोघांची नावं, गाड्यांचे नंबर, तारीख, वेळ, "कोणासही इजा नाही, नुकसानीपोटी इतके रुपये मिळाले, आता मागणी नाही" असं दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि कागदाचा फोटो काढा. पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे त्याची नोंद राहते.

माणसाला लागलं असेल तर जागेवर मिटवू नका. "काही नाही हो, नुसतं खरचटलंय" म्हणणाऱ्याला संध्याकाळी उलट्या सुरू होतात, डोक्यात गाठ निघते. मग ना तो कागद तुम्हाला वाचवतो, ना ते पाच हजार त्याला पुरतात. इजा झालेल्या माणसाचा भरपाईचा हक्क रस्त्यावरच्या चिठ्ठीने संपत नाही. ही भरपाई देण्यासाठीच कायद्याने तुमचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलेला आहे. त्याला तिथे जाऊ द्या.

आणखी एक. पॉलिसीत एक अट असते जी फार कमी जण वाचतात: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष कबूल करायचा नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही. तेव्हा "सगळी चूक माझी, सगळा खर्च मी देतो" असं लिहून देऊ नका. लिहून न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

पोलीस ठाण्यात

कलम १३४ ची भाषा नीट पाहिली तर माणूस जखमी होणं आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान होणं, दोन्ही त्यात येतात. व्यवहारात निर्णय असा घ्या:

- मृत्यू किंवा इजा: लगेच कळवायचं. गुन्हा नोंदवला जाईल. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते.
- मोठं नुकसान, समोरचा पळून गेला, विजेचा खांब, कठडा किंवा दुकानाला धडक: नोंद हवीच. विमा कंपनीही मागेल.
- किरकोळ नुकसान, कोणालाही इजा नाही: एफआयआरचा आग्रह नको, पण ठाणे अंमलदाराकडे स्टेशन डायरीत नोंद करा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. समोरच्याचं डोकं महिन्याने फिरलं तर हा क्रमांक कामाला येतो.
- जनावर धडकलं: मालक जवळपास असेल तर त्याला कळवा, पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ ला फोन करा, आणि नोंद करा.

जबाब देताना जेवढं पाहिलंत तेवढंच सांगा. वेग आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. तपासादरम्यान लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची सक्ती कायद्यात नाही, पण तो वाचून घेण्याचा आग्रह धरा. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, गाड्यांची जागा, ब्रेकच्या खुणा बरोबर आल्या आहेत का ते पाहा, चूक असेल तर तिथेच सांगा.

कलम १०६ (१) चा गुन्हा आणि वेगाने वाहन चालवण्याची सर्वसाधारण कलमं जामीनपात्र आहेत. अशा वेळी जामीन हा तुमचा हक्क असतो, उपकार नव्हे. अटक झाली तर कारण सांगितलं गेलं पाहिजे आणि तुमच्या नातेवाइकाला कळवलं गेलं पाहिजे. महिलांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, अटक करता येत नाही.

गाडी तपासणीसाठी नेली तर कुठे नेली हे मालकाला सांगावं लागतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार सोपस्कार पूर्ण झाल्यावर २४ तासांत परत द्यावी लागते. गंभीर गुन्ह्यात गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली तर न्यायालयात अर्ज करून सोडवावी लागते. वकील लागेलच, पण अर्ज लवकर करा. ठाण्याच्या आवारात उन्हापावसात महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याच नुसत्या अर्ज न केल्यामुळे तिथे सडत असतात. परवाना किंवा आरसी ताब्यात घेतलं तर पोच मागा.

चालक बदलू नका

हे वेगळं लिहितो आहे, कारण हा सल्ला घरातलंच कोणीतरी देतं. "पोरगा शिकतोय, त्याचं करिअर जाईल, ड्रायव्हर चालवत होता असं सांगू." मोबाइलचं लोकेशन, टोलनाक्याचा कॅमेरा, सीटची जागा, स्टिअरिंगवरचं रक्त, सगळं खरं काय ते सांगून जातं. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांपर्यंत अटका झाल्या. एका अपघाताच्या गुन्ह्याला पुरावा नष्ट केल्याचे गुन्हे येऊन चिकटतात, ते असे. शिवाय खोट्या चालकाचं नाव दिल्यावर विमा कंपनी दावा फेटाळते, आणि त्या खोट्याची किंमत ज्याने नाव दिलं तो गरीब माणूस मोजतो.

दारू घेतलेली असेल तरी तपासणी नाकारू नका. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अशा वेळी स्वतःच्या गाडीचं नुकसान विम्यातून मिळत नाही, आणि जखमीला दिलेली भरपाई कंपनी पुढे तुमच्याकडून वसूल करू शकते.

विमा: गाडी चालते आहे म्हणून चालवू नका

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते इथे. पुढून धडक बसली, रेडिएटरला चीर गेली किंवा खालून ऑइलचं चेंबर फुटलं, तरी गाडी सुरू होते. चालक ती दहा किलोमीटर घरी नेतो आणि वाटेत इंजिन जाम होतं. कंपनी म्हणते, रेडिएटरचे पैसे देऊ, इंजिनाचे नाही, कारण ते नुकसान नंतर चालवल्याने झालं. आणि पॉलिसीच्या अटीप्रमाणे ते बरोबर असतं. गाडीखाली हिरवट किंवा काळा डाग दिसला, तापमानाचा काटा चढला, तर चावी फिरवू नका. क्रेन बोलवा. टोइंगची पावती जपून ठेवा.

बाकीचा क्रम असा. त्याच दिवशी कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा ॲपवर कळवून दावा क्रमांक घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला पाना लावू देऊ नका. पन्नास हजारांच्या वरच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. तो आल्यावर स्वतः हजर राहा आणि आतून वाकलेले भाग त्याला दाखवा.

प्रत्येक ओरखड्याला दावा करावा का? आकडे मांडून पाहा. समजा बंपरचा खर्च पाच हजार आहे. प्लास्टिकच्या भागावर झीज म्हणून पन्नास टक्के कापले जातात, म्हणजे उरले अडीच हजार. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे एक हजार तुमच्या खिशातून. हाती आले दीड हजार. आणि तुमचा नो क्लेम बोनस पन्नास टक्के असेल, स्वतःच्या नुकसानीचा हप्ता नऊ हजारांचा असेल, तर पुढच्या वर्षी साडेचार हजारांची सवलत गेली. ती परत पन्नास टक्क्यांवर यायला पाच वर्षं लागतात. झिरो डेप असेल तर कापणी टळते, पण बोनसचा हिशेब तोच राहतो. मोठ्या नुकसानीला मात्र निःसंकोच दावा करा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात.

दावा फेटाळला किंवा कमी दिला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार होते.

तुम्हालाच लागलं असेल तर

धक्क्याच्या भरात दुखणं कळत नाही. पहिल्या दोन दिवसांत डोकं दुखणं, उलटी, गुंगी, मान आखडणं, पोटात दुखणं यातलं काही झालं तर थेट रुग्णालयात जा आणि "अपघात झाला होता" हे शब्द केस पेपरवर येऊ द्या. केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिलं, कामावरच्या रजेचा दाखला हे सगळं एका फाइलमध्ये.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे करता येतो. कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे, ती धरूनच चला. चूक सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळू शकतात. धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर मृत्यूला दोन लाख, गंभीर इजेला पन्नास हजार. हा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात करायचा. हे फार थोड्यांना माहीत असल्याने कितीतरी कुटुंबं मागतच नाहीत.

तुम्ही चालक किंवा मालक म्हणून न्यायाधिकरणाची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नका. त्याच आठवड्यात विमा कंपनीला तिची प्रत लेखी पोच घेऊन द्या.

जखमीला भेटायला जावं का?

हा प्रश्न लोक शेवटी, जरा संकोचत विचारतात. "भेटायला गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना?" होत नाही. विचारपूस म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पहिले एक-दोन दिवस वातावरण तापलेलं असेल तर थांबा, आधी एखाद्या जाणत्या माणसाला पुढे पाठवा, एकटे जाऊ नका. गेल्यावर पैशांच्या आकड्यावर बोलू नका, चूक कोणाची यावर तर नाहीच. तब्येत विचारा, रक्ताची किंवा डब्याची गरज असेल तर बघा. आणि जाताना तुमच्या विमा पॉलिसीची एक झेरॉक्स सोबत न्या. त्या घराला भरपाईचा दावा करायला सर्वांत आधी तोच कागद लागतो, आणि तो मिळवायला त्यांना महिनाभर हेलपाटे घालावे लागतात.